निजेला धोंडा : विलायतेंतील लॉरीवाल्यांच्या मुक्कामाच्या आठवणी

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपल्या घराघरांत वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं असते, आणि ती बहुधा पानावर बसून नाक मुरडणाऱ्या नातवंडांस उद्देशून उच्चारिली जाते. खरी भूक लागली म्हणजे कोंडाहि गोड लागतो व खरी झोंप आली म्हणजे धोंड्यावरहि डोळा लागतो, असा तिचा सरळ अर्थ. उपदेश म्हणून ती ठीक आहे. परंतु जो मनुष्य दिवसाचे अकरा तास वीस-बावीस टनांचें धूड हांकून संध्याकाळीं उतरतो, त्याला जगानें खरोखरच रोज कोंडा आणि धोंडाच पुढें केला तर काय होतें, ह्याचा विचार म्हणीच्या कर्त्यानें केला नसावा. आम्हांस तो विचार सुचण्याचें कारण म्हणजे विलायतेंतील वृद्ध लॉरीवाल्यांच्या आठवणी. मँचेस्टर येथें नोकरीस असलेल्या आमच्या भाच्यानें त्या वाचावयास पाठविल्या. विषय आमच्या नेहमींच्या वाचनाहून कितीहि निराळा असला तरी दोन दिवस आम्हीं दुसरें कांहीं हातीं घेतलें नाहीं.

ह्या आठवणी मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांतल्या आहेत. त्या कालीं मोठ्या मालमोटारीस ताशीं वीस मैलांहून अधिक वेगानें जाण्यास कायद्यानें बंदी होती. ती मर्यादा १९५७ सालीं तीस मैलांवर गेली. दुसरीकडे १९३० च्या रस्ते-वाहतुकीच्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, ड्रायव्हरानें सलग साडेपांच तासांहून व चोवीस तासांत एकंदर अकरा तासांहून अधिक वेळ गाडी हांकूं नये, आणि त्याला सलग दहा तास विश्रांति मिळावी. आमच्यासारख्या जुन्या मास्तरास येथें त्रैराशिक मांडल्यावांचून राहवत नाहीं. लंडनहून ग्लासगो सुमारें चारशें मैल. ताशीं वीस मैलांनीं वीस तास. अकरांच्या वर हांकावयाचें नाहीं, म्हणजे एक रात्र वाटेंत काढलीच पाहिजे. आणि चढ, धुकें, बर्फ व वाटेवरचीं गांवें हिशेबांत धरलीं तर ताशीं वीस मैल तरी कोठून पडणार! कायद्यानें दहा तासांची विश्रांति दिली. बिछाना कोणी द्यावयाचा तें मात्र कायद्यानें सांगितलें नाहीं. पुढची सर्व हकीकत ह्या न सांगितलेल्या गोष्टींतून निघाली आहे.

गाडी कशी असे तें आधीं सांगितलें पाहिजे, म्हणजे मुक्कामाची किंमत कळेल. लांकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली केबिन, दाराच्या फटींतून येणारा वारा, आणि पुष्कळ गाड्यांत चालक व त्याचा सोबती ह्यांच्या मध्यें एंजिनाचा उंचवटा. ऊब देणारें यंत्र बहुतेक गाड्यांत नसे. एंजिनाकडील पाय भाजे आणि दाराकडील पाय गोठे, म्हणून लोक पायांभोंवतीं पोतीं गुंडाळून बसत. शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर ओरडावें लागे. असे अकरा तास गेल्यावर कान रात्रभर गुणगुणत राहत. १९६२-६३ चा हिंवाळा इतका कडक होता कीं, टांकींतलें डिझेल थिजलें, आणि टांकीखालीं चिंध्या पेटवून तें पातळ करण्याचें धाडस कित्येकांनीं केलें. अशा प्रवासानंतर मनुष्याच्या अपेक्षा त्या किती असणार? कढत पेय, पोटभर अन्न, कोरडें अंथरूण. एवढ्या तीन गोष्टी.

‘ट्रान्सपोर्ट कॅफे’ हा शब्द मोठा आहे, पण वस्तु लहान असे. युद्ध संपल्यावर लष्कराच्या ज्या पत्र्याच्या व लांकडी झोंपड्या निरुपयोगी झाल्या, त्यांतल्या कित्येकांत रस्त्याकडेला हीं दुकानें थाटलीं गेलीं. पुढें कोळशाची राख पसरलेलें आवार असे. पावसांत त्याचा काळा चिखल होई व तो बुटांबरोबर आंत येई. आंत वाफ, तळणाचा धूर आणि सिगारेटचा धूर ह्यांचें असें मिश्रण असे कीं पलीकडची भिंत दिसूं नये. चहा मोठ्या पिंपांत पहांटे एकदां उकळावयाचा, तोच दुपारपर्यंत उकळत राहावयाचा, आणि अर्ध्या शेराच्या जाड मगांत ओतून द्यावयाचा. साखर ढवळण्यास चमचा एकच, आणि तो चोरीस जाऊं नये म्हणून सांखळीनें फळीस बांधलेला. हा सांखळीचा चमचा इतक्या जणांच्या आठवणींत येतो कीं, त्या काळच्या लॉरीवाल्यांचें तें एखादें बोधचिन्हच वाटावें. ज्यास चमचा बांधून ठेवावा लागतो त्या गिऱ्हाइकाविषयीं दुकानदाराचें मत काय होतें, तें वेगळें सांगावयास नकोच. आणि तें मत गिऱ्हाइकासहि रोज तीनदां दिसत होतें.

खाण्याचे पदार्थ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वर्ज्य, तेव्हां त्यांची यादी देत नाहीं. तळलेला पाव, बटाटे व डब्यांतील घेवडा एवढेंच काय तें आपल्या ओळखीचें. तळण्याची चरबी कित्येक ठिकाणीं इतकी जुनी असे कीं, कालचा पदार्थ आजच्या पदार्थांत चवीनें हजर असे. एक गोष्ट मात्र आम्हांस मनापासून आवडली : ह्या जागीं मद्य मिळत नसे. जो मनुष्य पुन्हां गाडीवर चढावयाचा आहे त्याचें पेय चहा, हा नियम कोणी उपदेश न करतां तेथें रूढ झाला होता.

जेथें पुष्कळ लॉऱ्या उभ्या असतील तेथें अन्न चांगलें समजावें, असें तिकडेहि म्हणतात व आपल्याकडेहि म्हणतात. ह्या समजुतीवर आमचा फारसा विश्वास नाहीं. मालमोटार ही कांहीं सायकल नव्हे. ती उभी करावयास व पुन्हां वळवून बाहेर काढावयास मैदान लागतें. जेथें मैदान तेथें लॉऱ्या, आणि जेथें लॉऱ्या तेथें धंदा. मग स्वयंपाक कसाहि असो. वाईट दुकानें वर्षानुवर्षें चाललीं ह्याचें इंगित येथें आहे. अंधार पडला, अकरा तास भरले, धुकें उतरलें, आणि पुढें वीस मैल दुसरी जागा नाहीं. अशा गिऱ्हाइकास आवडनिवड कसली?

पण खाण्याची कथा कांहींच नव्हे, निजण्याची ऐकावी. रात्रीच्या बिऱ्हाडास ते लोक आपल्या बोलींत ‘डिग्स’ म्हणत. कॅफेच्या माडीवर, मागच्या झोंपडींत किंवा गांवांतील एखाद्या बाईच्या घरीं खोलींत चार, सहा, कधीं त्याहून अधिक लोखंडी पलंग. चालकांच्या आठवणींत चादरींचा विषय इतक्या वेळां येतो कीं वाचतां वाचतां आपल्याच अंगास खाज सुटावी. पलंगावर आडवें व्हावें तों चादर ऊबदार लागावी, कारण तिच्यांतून पहिला मनुष्य नुकताच उठून गेलेला. हें कसें घडे तें समजण्यासारखें आहे. कांहीं ड्रायव्हर दिवसा गाडी हांकीत व रात्रीं निजत. कांहीं रात्रीं दूरचा पल्ला गांठून पहांटे पोहोंचत व दिवसा निजत, आणि तेवढ्या वेळांत स्थानिक मनुष्य त्यांचा माल उतरवून नवा भरून ठेवी. एकच पलंग दोघांस भाड्यानें देतां येतो, हें घरमालकिणीच्या ध्यानांत यावयास गणित शिकावें लागत नाहीं.

बूट चोरीस जाऊं नयेत म्हणून पलंगाचे पाय बुटांत घालून निजण्याची चाल होती. विजार गादीखालीं, आणि पैशांचें पाकीट विजारींतून काढून उशीच्या खोळींत. एकजण दोन वाजतां उठणार, दुसरा चारला, तिसऱ्यास सहाला निघावयाचें. प्रत्येक वेळीं दिवा लागे, गजर होई, पलंगाखालीं बूट शोधले जात. खालीं आवारांत थंड एंजिन चालू करण्याची धडपड सुरू झाली कीं भिंती हालत. भिजलेले अंगरखे वाळविण्यास शेगडी एकच, तिच्याभोंवतीं दहा जणांचे कपडे. सकाळीं ते ओलेच अंगावर चढवावयाचे. तोंड धुण्यास परसांत थंड पाण्याचा एक नळ. कायद्याच्या कागदावर ही दहा तासांची विश्रांति होती. १९३३ च्या कायद्यानें प्रत्येक चालकास आपल्या तासांची नोंद ठेवणें भाग पडलें होतें, आणि त्या नोंदींत ‘विश्रांति’ असा शब्द लिहितां येई. झोंप किती मिळाली हा रकाना तींत नव्हता.

आमच्या घरांतील स्त्रियांनीं हें ऐकून त्या विलायती घरमालकिणींवर जो रोष व्यक्त केला, तो लिहिण्यासारखा नाहीं. त्या बायांची बाजूहि थोडी मांडली पाहिजे, कारण ती मांडणारा कोणी भेटत नाहीं. इंग्लंडांत साबण १९४२ च्या फेब्रुवारीपासून १९५० च्या सप्टेंबरपर्यंत शिध्याप्रमाणें मोजून मिळत होता. कोळशावरील नियंत्रण १९५८ पर्यंत होतें. चहा १९४० पासून १९५२ पर्यंत माणशीं ठराविक मापानेंच मिळे, आणि बराच काळ तें माप आठवड्यास दोन औंस होतें. खाद्यपदार्थांवरील नियंत्रणाचा शेवट १९५४ च्या जुलैमध्यें झाला. दहा पलंगांच्या वीस चादरी हातानें धुवावयाच्या, साबण मोजका, पाणी तापविण्यास कोळसा मोजका, आणि हवा अशी कीं आठ-आठ दिवस ऊन नाहीं. श्रावणांत चौदा माणसांच्या कुटुंबाचीं धुणीं माजघरांत दोऱ्यांवर वाळविणाऱ्या आमच्या भगिनींस ह्याहून अधिक सांगणें नको. ज्या बाया ह्याहि स्थितींत चादरी बदलीत, त्यांचीं घरें चालकांच्या तोंडोतोंडीं दूरवर प्रसिद्ध होतीं, आणि तेथें संध्याकाळीं पांचनंतर पलंग मिळत नसे.

दुसरें कारण पैशाचें, आणि आमच्या मतें मूळ तेंच. घराबाहेर काढलेल्या रात्रीबद्दल चालकास भत्ता मिळे. ह्या लोकांची संघटना बलिष्ठ होती. १९२२ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या मोठ्या युनियनचे पहिले मुख्य चिटणीस अर्नेस्ट बेव्हिन हे स्वतः तरुणपणीं ब्रिस्टलांत घोड्याची मालगाडी हांकीत असत, आणि १९३८ सालीं ह्या धंद्यांतील वेतन ठरविण्याची व्यवस्थाहि कायद्यानें झाली. भत्ता ठरलेला असे. पण तो चालकाच्या हातीं पडे. त्यांतून जें उरेल तें घरीं. बायकोमुलांचा मनुष्य स्वच्छ पलंगास अधिक दाम देईल कीं ऊबदार चादरींत निजून चार शिलिंग वांचवील? बहुतेकांनीं काय केलें तें बाजारभावानें दाखविलें. कांहीं जण त्याच्याहि पुढें जात. आसनापासून एंजिनाच्या झाकणापर्यंत फळी टाकून केबिनींतच अंगाची मोळी करून पडत, आणि सगळा भत्ता घरीं नेत. मालकांस तें पुष्कळदां पसंत नसे. कांहीं तर रात्रींतून हांकीत घरीं जात आणि नोंदवहींत मुक्काम दुसरीकडे दाखवीत. खोटी नोंद ती खोटीच, आणि आम्ही आयुष्यभर हजेरीपट राखला असल्यामुळें तिचें समर्थन करणार नाहीं. मात्र अकरा तासांनंतर आणखी चार तास जागून आपल्या घरच्या स्वच्छ अंथरुणाकडे धांवणारा मनुष्य हा झोंपेचाच लोभी होता. त्या लोभापायीं तो झोंपेंत गाडी हांकीत होता, आणि समोरून येणाऱ्यास त्याची कल्पना नव्हती.

सर्वच चित्र काळें नाहीं. उत्तर इंग्लंडांत वेस्टमोरलंड परगण्यांत शॅप नांवाचा डोंगराळ भाग आहे. ग्लासगोकडे जाणारा जुना रस्ता तेथें सुमारें चौदाशें फुटांवर चढतो. आपल्या घाटांच्या मानानें ही उंची कांहींच नव्हे. पण बर्फ, वारा व दुबळीं एंजिनें ह्यांमुळें त्या चढाची धास्ती सर्व देशभर होती. चढाच्या अलीकडे ‘जंगल कॅफे’ नांवाचें प्रसिद्ध विश्रांतिस्थान होतें, आणि वर जाण्यापूर्वीं तेथें थांबणें हा बहुतेकांचा परिपाठ. रस्ता बर्फानें बंद झाला म्हणजे गाड्यांची रांग जागच्या जागीं अडकून पडे. अशा वेळीं आसपासच्या शेतकऱ्यांनीं अडकलेल्या परक्या माणसांस घरांत घेतलें, जेवूं घातलें. आज त्या चढाच्या माथ्यावर एक स्मारकशिला उभी आहे. तिच्यावर जुन्या रस्त्यानें उत्तर-दक्षिण दळणवळण राखणाऱ्या चालकांचें स्मरण कोरलें आहे, आणि त्यांच्याबरोबरच अन्न व आसरा देणाऱ्या त्या स्थानिक पिढ्यांचेंहि. लढाई जिंकणाऱ्यांचे पुतळे आम्हीं पुष्कळ ऐकले आहेत. वाटसरूस जेवूं घालणाऱ्यांची शिला ही विरळाच.

हा सर्व व्यवहार मोडला तो एका दशकांत. १९५९ च्या २ नोव्हेंबरला लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-१ ह्या मोटाररस्त्याचा पहिला मोठा टप्पा खुला झाला, आणि त्यावरील वॉटफर्ड गॅपचें विश्रांतिस्थान त्याच दिवशीं सुरू झालें. शॅपचा चढ टाळणारा एम-६ चा भाग १९७० सालीं आला. जुन्या रस्त्यांवरील कॅफेंच्या दारांवरून रहदारीच निघून गेली. लंडनचा ‘एस कॅफे’ १९३८ सालीं सुरू झाला, १९४० च्या बाँबवर्षावांत पडला, १९४९ सालीं पुन्हां उभा राहिला, आणि १९६९ सालीं बंद पडला. २००१ सालीं तो पुन्हां उघडला खरा, पण तो मोटारसायकलींच्या हौशी मंडळींचें तीर्थक्षेत्र म्हणून. तिकडे १९६८ च्या कायद्यानें हांकण्याची मर्यादा दहा तासांवर आणली. त्याच सुमारास स्वीडनहून व्होल्व्हो व स्कानिया ह्या कंपन्यांच्या गाड्या येऊं लागल्या. त्यांत ऊब होती, आणि आसनामागें निजण्याची फळी होती. पाहतां पाहतां चालकाचें बिऱ्हाड त्याच्या पाठीवर आलें, गोगलगाईप्रमाणें. तास मोजणारें यंत्रहि गाडींत बसलें. त्यास चालकांचा इतका विरोध होता कीं ब्रिटिश सरकार टाळाटाळ करीत राहिलें. १९७९ सालीं युरोपीय न्यायालयानें त्या सरकारास दोषी ठरविलें, तेव्हां १९८१ अखेर तें सक्तीचें झालें. खोट्या मुक्कामांचा काळ त्याबरोबर ओसरला.

ज्यांस तें जुनें जग डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं १९५७ सालचा ‘हेल ड्रायव्हर्स’ हा इंग्रजी बोलपट पाहावा. तो दूरच्या पल्ल्यांचा नसून खडी वाहणाऱ्या लॉऱ्यांचा आहे, आणि त्यांत मारामारी फार. पण कॅफे आणि घरमालकिणीचें बिऱ्हाड हीं दोन्हीं त्यांत आहेत.

चमत्कार असा कीं, ह्या वृद्धांच्या आठवणींत जितक्या शिव्या आहेत तितकेंच ममत्व आहे. सर्वांत घाणेरडा पलंग कोणाच्या वांट्यास आला ह्याची त्यांच्यांत चढाओढच लागते. आम्हांस ह्याचें नवल वाटलें नाहीं. आमचे तीर्थरूप पुण्यास वार लावून शिकले. सात घरीं ते जेवत. पैकीं सहा घरीं त्यांस प्रेमानें वाढीत असत, हें ते एका वाक्यांत सांगून टाकीत. सातव्या घरची आमटी इतकी पातळ असे कीं तींत माळवदाच्या तुळया मोजतां येत, हें मात्र त्यांनीं आम्हां भावंडांस शंभर वेळां सांगितलें असेल, आणि दर वेळीं तुळयांची संख्या वाढत गेली. सोसलेलें दुःख सांगावयास बरें असतें. परंतु त्यावरून तें सोसावयासहि बरें होतें असें मानून चालणें धोक्याचें. त्या चालकांपैकीं कोणीहि, आपल्या नातवानें त्या चादरींत निजावें असें म्हटलेलें आमच्या वाचनांत आलें नाहीं.

केबिनींतली फळी आली म्हणून सर्व प्रश्न सुटले असें नाहीं. निजण्याची सोय झाली, पण गाडी उभी करावयास सुरक्षित जागा, स्नान, शौचकूप ह्या गोष्टी केबिनींत मावत नाहींत. २०२१ सालीं इंग्लंडांत चालकांचा एवढा तुटवडा पडला कीं दुकानांतील फळ्या रिकाम्या दिसूं लागल्या. त्या वर्षीं सरकारनें रस्त्यांवरील लॉरीवाल्यांच्या सोयी सुधारण्यासाठीं ३ कोटी २५ लक्ष पौंड जाहीर केले.

आपल्याकडील कायदा ह्या बाबतींत इंग्रजांच्या जुन्या कायद्याहून उदार होता. १९६१ च्या मोटार-वाहतूक कामगारांच्या कायद्यांत असें स्पष्ट कलम होतें कीं, जेथें कामगारांस रात्रीं मुक्काम करावा लागतो तेथें मालकानें विश्रांतीच्या खोल्या किंवा तशीच दुसरी योग्य सोय ठेवावी, आणि तेथें उजेड, वारा व स्वच्छता असावी. बिछाना कोणी द्यावयाचा, हें १९३० च्या कायद्यानें न सांगितलेलें येथें सांगितलें होतें. फक्त तो कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यास लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. पुढें २०२० च्या कामगार-संहितेनें त्या कायद्याची जागा घेतली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असाव्यात असाहि नियम झाला आहे. तो स्तुत्यच आहे. मात्र गाडी थांबली व एंजिन बंद झालें कीं तो गारवाहि थांबतो, आणि झोंप तर थांबलेल्या गाडींतच घ्यावयाची असते.

आमच्या आळींतील एका गृहस्थांच्या दोन मालमोटारी आहेत व त्यांवर चार माणसें. कांदा घेऊन त्या दक्षिणेकडे जातात. आठवणी वाचून संपल्यावर आम्हीं त्यांस विचारलें, “आपलीं माणसें रात्रीं निजतात कोठें?” ते म्हणाले, “मास्तर, ढाब्यावर जेवलें कीं खाट फुकट असते.” पावसाळ्यांत ढाबेवाले खाटा भिंतीशीं उभ्या करून ठेवितात, हें आम्हीं प्रवासांत पाहिलेलें होतें, म्हणून पुन्हां विचारलें. एक केबिनींत निजतो, असें ते म्हणाले. दुसरा ताडपत्री अंथरून गाडीखालीं, कारण तेवढीच जागा कोरडी असते.